चावडीवर वाचलेला कागद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते पारावर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असत, असं संयोजकांनी मला सांगितलं. एक प्रत यायची आणि आळीभर पुरायची. आजचा विषय माहितीचा अधिकार आहे. तो ठरला तेव्हा गुरुजींची ही सवय मला ठाऊक नव्हती. पण मला जे सांगायचं आहे ते तिच्या फार जवळचं निघालं. सरकारी कागद हाती आला म्हणजे निम्मं काम झालं. तो ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला गेला, की मग गावात काही हलायला लागतं.

या कायद्याचं नाव काढलं की आपल्याला मोठी प्रकरणं आठवतात. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचे कागद कार्यकर्त्यांनी अर्जांमागून अर्ज करून बाहेर काढले आणि २०१० मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. अशा प्रकरणांवर बोलताना रंगत येते, टाळ्याही पडतात. आज मी ती बाजूला ठेवतो. मुख्यमंत्री बदलला म्हणून तुमच्या वस्तीतल्या गटाराला उतार मिळत नाही. तो मिळवायचा तर गटाराचं अंदाजपत्रक पाहावं लागतं, आणि ते पाहणारा माणूस त्याच गल्लीतला असावा लागतो.

या कायद्याची मुळं शोधायला दिल्लीला जाऊन उपयोग नाही. राजस्थानात राजसमंद जिल्ह्यात देवडूंगरी नावाचं छोटं गाव आहे. अरुणा रॉय भारतीय प्रशासन सेवेतली नोकरी सोडून, निखिल डे आणि शंकर सिंह यांच्यासोबत तिथल्या कच्च्या घरात राहायला आल्या. १ मे १९९० रोजी त्या भागात मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. भांडण साधं होतं. दुष्काळी कामावर दिवसभर माती उचलायची आणि किमान मजुरीपेक्षा कमी पैसे घेऊन घरी जायचं. मजूर विचारायचे, पैसे कमी का? उत्तर यायचं, तुमच्या कामाचं माप कमी भरलं. माप कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं, की उत्तर ठरलेलं असे : ते सरकारी दफ्तर आहे, दाखवता येत नाही.

आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या माणसाला यात काही नवं वाटणार नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर पसरली. खडी फोडणाऱ्या बाईला हजेरीपट हा शब्द ठाऊक होता. त्या पटावर आपल्या नावापुढे काय लिहिलंय हे मात्र ठाऊक नव्हतं. त्याच्याही नव्वद वर्षं आधी जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दफ्तर सांभाळणारा आणि दफ्तराबाहेरचा यांच्यातली दरी मांडली होती. म्हणजे आजार आपल्याही अंगात जुनाच होता. औषध मात्र राजस्थानातल्या मजुरांनी शोधलं.

२ डिसेंबर १९९४. पाली जिल्ह्यातलं कोट किराना. संघटनेने तिथे पहिली जनसुनवाई भरवली. माहितीचा कायदा तेव्हा नव्हताच. प्रशासनातल्या एखाद्या भल्या माणसाच्या सहकार्याने जे कागद पाहायला मिळाले तेवढेच हाती होते. ते कागद मैदानात, सगळ्या गावासमोर, एकेक नाव घेऊन वाचायला सुरुवात झाली. अमुक काम, अमुक तारखा, अमुक मजूर, एवढे दिवस, एवढी रक्कम. नाव आलं की तो माणूस उठून सांगे, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. कुणी सांगे, हा तर कधीच वारला. कागदावर पूर्ण झालेली इमारत समोर अर्धवट उभी दिसत होती. तिथे ना वकील होता, ना लेखापरीक्षक. हजेरीपटावरचं नाव खरं की खोटं हे त्या नावाच्या शेजाऱ्याइतकं कुणालाच कळत नाही. लेखापरीक्षक पावतीशी पावती जुळवून पाहतो आणि निर्धास्तपणे सही करतो. मेलेल्या माणसाचा अंगठा त्याला ओळखू येत नाही.

एक योगायोग जाता जाता सांगतो. सरकारी कागद पाहण्याचा हक्क जगात पहिल्यांदा कायद्याने दिला तो स्वीडनने, १७६६ मध्ये, आणि ती तारीखही २ डिसेंबरच होती. कोट किरानातल्या मजुरांना स्वीडनशी काही देणंघेणं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

पुढचा इतिहास झरझर सांगतो. १९९५ मध्ये राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत पंचायतींच्या कागदांच्या प्रती देण्याचं आश्वासन दिलं आणि वर्षभर काही केलं नाही. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावरच्या चौकात मजूर चाळीस दिवस धरणं धरून बसले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच चळवळीतली. भारतीय प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत, म्हणजे आपलेच मराठी न्यायाधीश. त्यांच्या पुढाकाराने कायद्याचा एक मसुदा तयार झाला. तमिळनाडू आणि गोव्याने १९९७ मध्येच आपापले कायदे केले. महाराष्ट्राने २००० मध्ये एक केला, पण त्यात अपवादच इतके की तो मोडीत काढावा लागला. २००२ चा कायदा त्या मानाने बरा होता, पण त्यावर राष्ट्रपतींची सही होईना. ९ ऑगस्ट २००३ ला अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि दुसऱ्या दिवशी सही झाली. मग केंद्राचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो लागू झाला. पहिल्याच दिवशी पहिला अर्ज दाखल झाला तो पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात. पुणेकरांनी यातही पहिला नंबर सोडला नाही.

आता आपल्या गावात येऊ.

समजा, तुमच्या वस्तीपर्यंत पाचशे मीटरचा रस्ता मंजूर झाला. अंदाजपत्रकात रुंदी पावणेचार मीटर. रस्ता झाला, नारळ फुटला, पहिल्या पावसात खडी वर आली. तुम्ही चिडून अर्ज लिहिता : ‘सदर रस्त्याच्या कामात भ्रष्टाचार झाला आहे का, याची माहिती द्यावी.’ उत्तर येईल, ‘निरंक’. आणि ते उत्तर कायद्याला धरूनच असेल, कारण कायदा असलेला कागद देतो. अधिकाऱ्याचं मत, खुलासा किंवा कबुली देत नाही. त्याच अर्जात तुम्ही अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक आणि दोषदायित्वाचा, म्हणजे बिघाड ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा, कालावधी नमूद असलेला करारातला भाग, एवढ्या पाच गोष्टींच्या प्रती मागितल्या, तर चित्र पालटतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही. माहिती कशाला हवी हे विचारण्याचा अधिकार कायद्याने कार्यालयाला दिलेला नाही. तरीही टेबलापलीकडून पहिला प्रश्न तोच येतो.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला नुसतं ‘एमबी’ म्हणतात ती, माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रातलं सगळ्यात कमी वाचलं गेलेलं आणि सगळ्यात महाग पुस्तक आहे. तीत रकाने असतात : लांबी, रुंदी, जाडी, परिमाण. ठेकेदाराला मिळणारा प्रत्येक रुपया या रकान्यांतून येतो. आता टेप घ्या. रस्त्याची रुंदी दहा ठिकाणी मोजा. एमबीत पावणेचार आणि जमिनीवर तीन भरली, तर पाचशे मीटरला तीनशे पंच्याहत्तर चौरस मीटर रस्ता कागदावरच राहिला. एकूण कामाचा पाचवा हिस्सा. हा हिशेब सातवीतली मुलगी करते. तिला तो करू द्यावा, रस्त्यावर उभं राहून, सगळ्यांच्या देखत. कनिष्ठ अभियंता तुमच्या पत्राला तीन महिने उत्तर देणार नाही. पण एमबीचं पान हातात घेऊन चाळीस माणसं टेप धरून उभी आहेत हे कानावर गेलं, तर तो संध्याकाळपर्यंत येतो.

कायद्यात याहून पुढची एक तरतूद आहे, तिचा वापर फारच थोडे लोक करतात. माहिती मिळवणं म्हणजे झेरॉक्स मिळवणं, असा आपला समज झालाय. कायद्याच्या व्याख्येत चालू कामाची पाहणी करणं आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही माहितीच्या अधिकारातच मोडतं. म्हणजे शाळेच्या खोलीचं काँक्रीट चालू असताना अर्ज करून त्याचा नमुना मागता येतो. खोली गळायला लागल्यावर निवेदनं देण्यापेक्षा हे शहाणपणाचं नाही का?

आणि प्रत्येक वेळी अर्जच कशाला? राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये एक परिपत्रक काढलं. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, अर्जाविना. पुणे महापालिकेत ही प्रथा आधीपासून होती. बऱ्याच कार्यालयांच्या भिंतीवर या परिपत्रकाची पाटीही नाही, पण परिपत्रक आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा तुमच्या ग्रामपंचायतीत किती आला आणि कशावर खर्च पडला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. ग्रामपंचायतीच्या दफ्तराचे एक ते तेहतीस नमुने असतात. त्यांतला आठ नंबर आपल्याला माहीत असतो, कारण घराचा उतारा हवा असतो. उरलेल्या बत्तिसांना आपण हात लावत नाही.

मघाशी वाचण्याविषयी बोललो ते इथे जोडतो. आपल्याकडे चावडी वाचन नावाची गोष्ट आहे, आणि ती कुठल्या स्वयंसेवी संस्थेने शोधलेली नाही. महसूल खात्याची ती जुनी रीत आहे. तलाठी गावाच्या नोंदी चावडीवर वाचून दाखवतो, ज्याची हरकत असेल तो तिथेच बोलतो. सातबारा संगणकावर चढवताना झालेल्या चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन घेतलं गेलं, ते उगाच नाही. बांधाच्या बाबतीत शासनाला ठाऊक आहे की अखेरचा साक्षीदार शेजारीच असतो. मग रस्ता, रेशन, घरकुल यांच्या बाबतीत हा शहाणपणा का सोडायचा? ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. तीत मागच्या सभेचं इतिवृत्त गडबडीत वाचलं जातं आणि सह्यांचं रजिस्टर फिरतं. त्याऐवजी एकच कागद, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी म्हणा किंवा एका कामाची एमबी, सावकाश वाचावी. सभा लांबेल. लांबू द्यावी.

वाचून सगळं जिंकता येतं असं मात्र नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन त्यावरची टोलवसुली पंधरा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे देण्यात आली. पुण्याच्या सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर आणि इतर कार्यकर्त्यांनी करार आणि वाहनांचे, वसुलीचे आकडे माहितीच्या अधिकारात मिळवले आणि करारात धरलेली वसुली मुदतीआधीच पूर्ण झाल्याचं लोकांपुढे मांडलं. टोल थांबला नाही. मुदत संपल्यावरही नवा करार होऊन तो चालूच राहिला. पण टोल म्हणजे रस्त्याचं भाडं, ते द्यायचंच असतं, ही आपली निमूट समजूत त्या आकड्यांनी मोडली. आज टोलवरचा वाद आकड्यांत होतो.

आता एक नको असलेला विषय. ‘आरटीआयवाला’ ही तालुक्याच्या गावात शिवी झाली आहे, आणि ती सर्वस्वी अन्यायाची आहे असं मी म्हणणार नाही. अर्ज टाकायचा, कागद मिळवायचे, ठेकेदाराला किंवा ग्रामसेवकाला फोन करायचा आणि मग अपील मागे घ्यायचं, हा धंदा करणारे लोक आहेत. अधिकारी याचं भांडवल करतात आणि प्रत्येक अर्जदाराला त्याच रांगेत उभं करतात. अर्जावर निर्बंध घाला, अशी मागणी होते. २०१२ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयापुरता बांधला. एखादं शासकीय परिपत्रक दीडशे शब्दांत लिहून दाखवावं आणि मग हा नियम करावा, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण ते असो. हा धंदा चालतो कशावर? जो कागद एकाच्या खिशात आहे आणि गावाला दिसत नाही, त्यावर. एमबीचं पान पंचायतीच्या भिंतीवर लागलेलं असेल, तर ते कुणाला विकणार? कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती आपणहून जाहीर करायची आहे, कायदा मंजूर झाल्यापासून एकशेवीस दिवसांत. ती पूर्ण आणि ताजी सापडेल असं कार्यालय शोधून दाखवा. खंडणीखोरांविषयी कळकळीने बोलणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या सतरा बाबी आधी लावाव्यात. खंडणीखोराचं दुकान त्याच दिवशी बंद होईल.

एकाच्याच हाती असलेला कागद प्रामाणिक माणसालाही महाग पडतो. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांनी द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार कागदांनिशी उघड केले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. देशभरात अशा आणखी हत्या झाल्या. माणूस संपवला की प्रश्न संपतो, असा हिशेब त्यामागे असतो. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने ठराव केला की अर्जदारावर हल्ला झाला किंवा त्याचा खून झाला, तर त्याने मागितलेली माहिती संबंधित खात्याने जाहीर करावी. कल्पना अचूक आहे, कारण मारल्याने कागद सगळ्यांचा होणार असेल, तर मारण्यात लाभ उरत नाही. पण यासाठी खून होण्याची वाट कशाला पाहायची? म्हणून कार्यकर्त्यांना माझी एक विनंती असते. एकट्याच्या नावावर अर्ज टाकू नका. एकाच विषयावर पाच घरांतून पाच अर्ज जाऊ द्यात, त्यांतले दोन तरी बायकांच्या नावावर असू द्यात, आणि उत्तर आलं की त्याच आठवड्यात ते वाचा.

उत्तर आलं तर, अर्थात. तीस दिवसांत माहिती द्यायची, नाही दिली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. उशिराबद्दल जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात तो क्वचित होतो. महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे अलीकडच्या वर्षांत एक लाखाच्या वर प्रकरणं पडून होती, देशात सर्वांत जास्त. आयुक्तांच्या जागा महिनोन्‌महिने रिकाम्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवणं केंद्र सरकारच्या हाती गेलं. ज्यांनी सरकारला जाब विचारायचा, त्यांच्या नेमणुकीच्या अटी सरकारनेच ठरवायच्या, ही व्यवस्था कुणाच्या सोयीची आहे हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या अपिलाची सुनावणी होईपर्यंत रस्त्याचा दोषदायित्वाचा कालावधी उलटून गेलेला असतो, आणि ठेकेदार मोकळा.

शेवटचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. मूळ कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारता येत होती, पण दोन अटींवर : तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल, तरच. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं तिथेच लिहिलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे कलम बदललं. अटी गेल्या, ते वाक्यही गेलं. उरलं ते एवढंच की वैयक्तिक माहिती देण्याचं बंधन नाही.

खासगीपणाचा हक्क मोलाचा आहे, याबद्दल दुमत नाही. कुणाच्या आजाराचे किंवा बँक खात्याचे कागद चव्हाट्यावर येऊ नयेत. पण हजेरीपट म्हणजे दुसरं काय असतं? नावांची यादी. रेशनची यादी, घरकुलाची यादी, पीकविम्याची, शिष्यवृत्तीची यादी, सगळीकडे नावंच आहेत. एमबीवर सही करणाऱ्या अभियंत्याचं नाव हीसुद्धा उद्या वैयक्तिक माहिती ठरू शकते. कोट किरानात जे घडलं ते नावं वाचल्यामुळे घडलं. ‘लाभार्थी संख्या : २१४’ एवढंच वाचून दाखवलं असतं, तर कोण उठून म्हणालं असतं, हा तर कधीच वारला?

तरी दोन दारं अजून उघडी आहेत. चौथ्या कलमात अनुदानाच्या योजना कशा राबवल्या जातात, त्यांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील आपणहून जाहीर करण्याचं बंधन आहे, ते तसंच आहे. आणि आठव्या कलमाचं दुसरं पोटकलमही जागेवर आहे. संरक्षित हितसंबंधांना पोचणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल तर अपवादात बसणारी माहितीही देता येते. पूर्वी हे पोटकलम वकिलांपुरतं होतं, आता ते प्रत्येक अर्जदाराला लागेल. पहिल्या अर्जातच एक ओळ लिहा : यादीतली नावं ग्रामसभेत वाचून खरी-खोटी करण्यासाठी हवी आहेत, त्यात सार्वजनिक हित आहे, आणि कलम आठ, पोटकलम दोनखाली ती द्यावीत. कारण सांगण्याचं बंधन नाही हे मीच मघाशी म्हणालो. इथे ते आपण होऊन सांगायचं, म्हणजे नकार देणाऱ्याला त्या हिताविषयी लेखी बोलावं लागेल आणि अपिलात धरायला काही तरी हाती राहील. तालुक्यातल्या पंचवीस गावांतून असे अर्ज गेले, तर आयोगाला यावर एकदा स्पष्ट निर्णय द्यावाच लागेल. अर्जाचा एक नमुना मी लिहून आणला आहे, दीडशे शब्दांच्या आतला. ग्रंथपालांकडे तो ठेवलाय; जाताना ज्याने त्याने प्रत घेऊन जावी.